कल्हईचा पातळ पदर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पावसाळा लागला की कसबा बावड्याचं नाव रोज बातम्यांत येतं. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा बावड्यात आणि कोल्हापूरचा पूर मोजायचा तो तिथं. पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. एरवी बावडा म्हटलं की ऊस, राजाराम साखर कारखाना आणि लक्ष्मी विलास पॅलेस. २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला तो या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये. (पंत अमात्यांचा बावडा तो गगनबावडा, घाटावरचा. बाहेरगावच्या मंडळींची यात हमखास गल्लत होते.) शहरातून बावड्याकडे निघालं की वाटेत नवा राजवाडा लागतो. मेजर मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात तो उभा राहिला. म्हणजे या एका रस्त्याच्या एका अंगाला चांदीच्या ताटांचं घराणं आणि दुसऱ्या अंगाला तांब्या-पितळेच्या हंड्या-कळशांची शेतकऱ्यांची घरं. आज बोलायचं आहे ते या दोन्ही स्वयंपाकघरांतल्या भांड्यांबद्दल. खरं तर त्या भांड्यांच्या आतल्या बाजूबद्दल.

बाहेरची बाजू सगळ्यांच्या ओळखीची आहे. आपल्याकडे पाणी प्यायच्या भांड्याला धातूचंच नाव पडलं, तांब्या. मग तो पितळेचा असो की स्टीलचा, तो तांब्याच. आंघोळीचा बंब तांब्याचा, घंगाळ तांब्याचं, देवाचं ताम्हन तांब्याचं. स्वयंपाकाला मात्र पितळ जास्त. पातेली, परात, दुधाची चरवी. लग्नात मामानं, आत्यानं, भाऊबंदांनी दिलेल्या प्रत्येक भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं असायचं. कुणी, कुणाला, कोणत्या साली दिलं ते सगळं. माझ्यासारख्या इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला हे छोटे ताम्रपटच वाटतात. अनेक बायकांची नावं कुठल्या सातबाऱ्यावर नाहीत, पण कळशीच्या काठावर आहेत.

आतल्या बाजूची खूण एका क्रियापदात आहे, ‘कळकणे’. ताक कळकलं, आमटी कळकली असं आपण म्हणतो. हा शब्द नासण्याचा नाही, आंबण्याचाही नाही. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात राहिला, त्यात धातू उतरला, रंग हिरवट झाला, चव तुरट झाली आणि खाल्ल्यावर मळमळलं, एवढं सगळं या एका शब्दात आहे. रसायनशास्त्र सांगतं की सौम्य आंबट पदार्थ एकट्यानं तांब्याला फारसं काही करू शकत नाही, त्याला हवेतला प्राणवायू लागतो. म्हणून पदार्थ शिजताना होणाऱ्या नुकसानापेक्षा तो भांड्यात रात्रभर राहिला तर होणारं नुकसान अधिक. ‘शिजलं की लगेच काढून ठेव गं’ ही आजीची ताकीद त्यासाठी होती. फ्रान्समध्ये मुरंबे आजही उघड्या तांब्याच्या कढईत शिजवतात, पण तिथलाही नियम हाच. उकळलं की ताबडतोब बाहेर, कढईत ठेवायचं नाही.

आपण मात्र रोजचं वरण, चिंचेची आमटी, सोलकढी, ताक असं सगळं खाणारी माणसं. त्यामुळे भांड्याच्या आत एक तिसरा धातू आणावा लागला. तो म्हणजे कथील. कथलाचा हा पातळ पदर म्हणजेच कल्हई.

शब्दांचा प्रवास बघण्यासारखा आहे. ‘कथील’ हा संस्कृत ‘कस्तीर’वरून आला, ग्रीकांचा ‘कासितेरोस’ त्याचा नातेवाईक. ‘कल्हई’ मात्र अरबी ‘कलई’वरून आली आणि त्या शब्दामागे मलायाच्या किनाऱ्यावरचं कलाह नावाचं जुनं बंदर आहे असं मानलं जातं, कारण कथील यायचं ते त्या बाजूनं. तांबंही दुरून यायचं. सतराव्या शतकात डच कंपनीची गलबतं जपानचं तांबं हिंदुस्थानात आणून विकत. पुढं एकोणिसाव्या शतकात विलायतेहून तांब्याचे पत्रे येऊ लागले. म्हणजे आपण ज्याला अस्सल गावरान भांडं म्हणतो, त्याच्या अंगावर दोन-तीन समुद्रांचं पाणी आहे.

राजेरजवाड्यांच्या स्वयंपाकघराला आपल्याकडे मुदपाकखाना म्हणतात. अरबी ‘मतबख’ म्हणजे स्वयंपाकघर. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत तो ‘मुदबखखाना’ म्हणून येतो. पुढं कुणाच्या तरी कानाला ‘बख’ऐवजी ‘पाक’ जवळचा वाटला असावा आणि शब्द मराठी होऊन बसला. अशा मोठ्या मुदपाकखान्यात भांड्यांची शिस्त कशी असे, याची सर्वांत नेमकी नोंद अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त मिळते. बादशहाच्या स्वयंपाकाच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई, शहजाद्यांच्या आणि जनान्याच्या भांड्यांना एकदा. मोडकी भांडी तांबटांकडे, त्यांनी नवी घडवून द्यायची. ताटं वाढून निघाली की सोन्या-चांदीची लाल कापडात बांधायची आणि तांब्याची व चिनी मातीची पांढऱ्या कापडात. महिन्यातून दोनदा! बादशहाच्या पोटाला जपायचं तर एवढी कल्हई लागते, हे सोळाव्या शतकातल्या एका हिशेबी माणसानं लिहून ठेवलं आहे.

आपल्या मातीतला पुरावा याहून जुना आहे, पण तो धातूच्या प्रेमाचा, कल्हईचा नव्हे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ ते १९४६ या काळात उत्खननं झाली. त्यांतलं १९४५-४६ चं उत्खनन डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केलं. सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव तिथं सापडलं आणि त्याबरोबर रोमन घडणीच्या काशाच्या वस्तूही. त्यांतली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या काळी गरिबाघरचा स्वयंपाक मातीच्या मडक्यांतच होता. धातूचं भांडं ही ऐपत होती आणि पुढंही शेकडो वर्षं ऐपतच राहिली. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढं तो कामाला येणार आहे.

जुन्या वैद्यकग्रंथांत कुठला पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा याची यादीच असते. सुश्रुतसंहितेत तूप लोखंडाच्या पात्रात, पातळ रस चांदीच्या पात्रात, आंबट कढणं दगडी पात्रात असं सांगितलं आहे. आंबटासाठी दगडी, हे सांगणं आजच्या रसायनशास्त्रालाही पटावं. कोल्हापूरकरांना चांदीच्या वाटीत पांढरा रस्सा घ्यायला यात शास्त्राधार सापडेल, त्यांनी तो खुशाल घ्यावा! पण त्याच यादीत चांगलं उकळून गार केलेलं दूध तांब्याच्या पात्रात द्यावं असंही म्हटलं आहे आणि आपल्या घरोघरच्या आज्या नेमकं उलट सांगत आल्या की दूध-दह्याला तांबं लावू नये. मला तरी आज्यांचं म्हणणं अधिक अनुभवाचं वाटतं. ते का, हे थोड्या वेळानं.

कल्हईवाला कुणी पाहिला नाही असा माणूस पन्नाशीच्या पुढं सापडणार नाही. गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली खड्डा खणायचा, त्यात भात्याची नळी सोडायची, कोळसे पेटवायचे. घरोघरची पातेली गोळा व्हायची. आधी भांडं साफ करायचं. वाळू आणि चिंधी आत टाकून पोऱ्या भांड्यात उभा राहायचा, भिंतीला हात टेकायचे आणि कंबर हलवत दोन्ही पायांनी भांडं गरागरा घासायचा. मुलांना ते नाच वाटायचं. मग भांडं निखाऱ्यावर तापवायचं. चांगलं तापलं की नवसागराची पूड टाकायची, भस्सकन पांढरा धूर उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या. नवसागर भांड्यावरचा गंज खाऊन धातू कोरा करतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं चारही बाजूंना फिरवायची. बघता बघता लाल-पिवळं भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्रर्र. सगळं मिळून काही मिनिटांचं काम, पण हात बसायला वर्षं जायची. भांडं कमी तापलं तर कथील धरत नाही, जास्त तापलं तर जळून काळं पडतं.

हे जमतं याचं कारण आकड्यांत आहे. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला, कथील अवघ्या २३२ अंशांना. त्यामुळे तांब्याला धक्का न लावता त्याच्यावर कथील पसरवता येतं. पण हीच कल्हईची दुबळी बाजूही आहे. कल्हईचं रिकामं पातेलं चुलीवर विसरलं तर आतलं कथील वितळून ओघळ येतात. म्हणून त्यात पाणी किंवा पदार्थ घालूनच ते विस्तवावर ठेवायचं, कोरडं भाजणं त्यात करायचं नाही. लोखंडी उलथनं चालवायचं नाही, लाकडी डाव वापरायचा. घासायला राख, नारळाची शेंडी चालते, तारेची घासणी नाही. आणि आतून तांबूस-पिवळी छटा डोकावायला लागली की कल्हईवाल्याची वाट बघायची. ‘पितळ उघडं पडणं’ या वाक्प्रचाराचा उगम मुलाम्याशी जोडतात. पण तो रोज ज्यांच्या डोळ्यांसमोर घडत होता त्या घरच्या बायकाच होत्या.

चांदीची गोष्ट निराळी. उष्णता वाहून नेण्यात चांदी पहिली आणि तांबं दुसरं, पण चांदी मऊ, महाग आणि जोडकाम डाखाचं. त्यामुळे राजवाड्यात झालं तरी चांदी चुलीवर कमी, पंगतीत जास्त. साध्या घरात चांदीची ऐपत बाळापुरती. वाटी, चमचा आणि बोंडलं. चांदी आंबटाला बरीच दाद देत नाही, पण तिचे दोन शत्रू आहेत. एक गंधक, अंडं, कांदा, लसूण यांतल्या गंधकानं ती काळवंडते. रबराच्या वेष्टनात गंधक असतं, म्हणून चांदीच्या वाट्या रबर लावून ठेवल्या तर बरोबर तेवढाच काळा पट्टा उठतो. दुसरा शत्रू मीठ. लोणचं चांदीच्या वाटीत वाढावं, ठेवू नये. काळी पडलेली चांदी विभूतीनं किंवा बारीक रांगोळीनं घासायची रीत आहे, मात्र प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते. त्यापेक्षा अॅल्युमिनियमच्या कागदावर वाटी ठेवून खायचा सोडा घातलेलं कढत पाणी ओतलं की काळा थर आपोआप उतरतो आणि चांदी जागच्या जागी राहते. कोल्हापूरकरांनी चांदीला जपावं हे ओघानंच आलं. हातकणंगले तालुक्यातलं हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांवरच उभं आहे.

आता त्या बोंडल्याकडे यायचं. बोंडलं चांदीचं होतं, पण त्यातलं दूध तापवलं कशात होतं?

१८८७ साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका विचित्र रोगाची नोंद केली. सहा महिने ते पाच वर्षं वयाची मुलं. आधी चिडचिड, अंगात कसर, मग पोट वाढत जायचं, यकृत दगडासारखं हाताला लागायचं, कावीळ, पोटात पाणी आणि काही महिन्यांत मूल जायचं. एकाच घरात पाठोपाठ दोन-तीन मुलंही दगावत. डॉक्टरी भाषेत त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ असं नाव पडलं. रोगाच्याच नावात आपल्या देशाचं नाव. आपल्याकडच्या घरांत त्याला नुसतं ‘लिव्हर’ म्हणत. ‘मुलाला लिव्हर झालंय’ म्हटलं की पुढचं कुणी बोलत नसे. देवदेव झाले, दृष्ट काढली गेली, आईच्या दुधाला दोष दिला गेला. डॉक्टरांनी विषाणू, बुरशी, आनुवंशिकता असे नाना तर्क केले. जवळजवळ शंभर वर्षं कोडं सुटलं नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकत होती. हा रोग अगदी दरिद्री घरांत कमी आणि खाऊनपिऊन सुखी, दुभतं असलेल्या खेड्यातल्या घरांत जास्त.

या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण नेहमीच्या कित्येक पट आढळत होतं. ते येतं कुठून, याचा शोध पुण्यात लागला. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या घरच्या चालीरीतींची चौकशी केली. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा निबंध आला आणि १९८७ साली आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. उत्तर चुलीपाशी होतं. आजारी मुलांना जन्मानंतर लवकरच वरचं दूध सुरू केलेलं होतं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. भांड्याला कल्हई नव्हती, किंवा होती ती उडालेली.

गायी-म्हशीच्या दुधात स्वतःचं तांबं अगदी नगण्य असतं. पण त्यातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. दूध पितळी भांड्यात तापवलं, तासन्‌तास ठेवलं, पुन्हा तापवलं की भांड्यातलं तांबं दुधात येत राहतं. दूध फाटत नाही, हिरवं होत नाही, चव फारशी बदलत नाही. आमटी कळकली तर कळते, दूध कळकलं तर कळत नाही! मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. नवजात बाळाच्या यकृतात मुळातच तांब्याचा साठा जास्त असतो आणि बाहेर टाकण्याची शक्ती कमी. त्या तीन-चार महिन्यांच्या जिवाला दिवसाला पाच-सहा वेळा हे दूध. असं दूध प्यायलेलं प्रत्येक मूल आजारी पडत नसे, त्यामुळे काही मुलांत जन्मजात कमजोरीही असणार असं तज्ज्ञ मानतात. पण भांडं बदललं की रोग थांबतो, हे दिसून आलं. तांबं शरीराबाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधानं लवकर हाती आलेली काही मुलंही वाचली.

आता मघाचा मुद्दा आठवा. पितळेचं भांडं ही ऐपत होती. मातीच्या गाडग्यात किंवा जर्मनच्या पातेल्यात दूध तापवणाऱ्या गरीब घरातलं मूल या रोगातून सुटलं आणि आजोळहून आलेल्या, नाव घातलेल्या चरवीतलं दूध प्यायलेलं मूल सापडलं. प्रेमानं दिलेल्या भांड्यातून हे झालं, ही गोष्ट पचायला जड आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ह्या मुलांचा अगदी असाच मृत्यू झाल्याचं १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालं. तिथंही गायीचं दूध, तिथंही कल्हई नसलेली तांब्याची भांडी. भांडी बदलली, रोग संपला. रोगाच्या नावातलं ‘इंडियन’ तेव्हापासून थोडं अडखळायला लागलं. डॉ. टॅनर पुढं शेफील्डला प्राध्यापक झाले. याच शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद, आपलं स्टेनलेस स्टील, तयार केलं होतं. योगायोग म्हणून सोडून देऊ.

कारण त्या रोगाला आपल्याकडून हुसकून लावण्यात डॉक्टरांइतकाच स्टीलचा हात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पितळ मोडीत गेलं. मोड द्यायची आणि स्टीलचा डबा घ्यायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलमचा सरकारी कारखाना स्टेनलेस स्टीलचे पत्रे काढू लागला आणि स्टील आणखी घरोघर पोचलं. त्याच्या जोडीला हिंडालियम आलं. आपल्या जिल्ह्यात १९६३ साली दूध संघ स्थापन झाला आणि दुधाचा रोजचा व्यवहार कॅनमधून, पुढं पिशवीतून सुरू झाला. यातलं काहीच मुलांच्या यकृतासाठी केलेलं नव्हतं. घासायला सोपं, कल्हईचा खर्च नाही, दिसायला चकचकीत, एवढाच विचार होता. बायकांनी तो केला आणि त्यांचे हात सुटले. जुन्या पितळेसाठी गळा काढणाऱ्यांनी परातभर चिंच घेऊन एकदा पंचवीस भांडी घासून पाहावीत, असं मला नेहमी वाटतं.

पण मग पितळ आणि तांबं दोषी होतं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्या भांड्यांबरोबर एक करार होता. तांबट घडवणार, कल्हईवाला दर काही महिन्यांनी आतून पदर चढवणार आणि घरची बाई आंबट-दुधाचे नियम पाळणार. या तिघांत मधला माणूस आधी गळाला. कथील महागलं, गावोगाव फिरणं परवडेना, कल्हईवाल्याच्या पोरांनी दुसरी कामं धरली. कुठं पैसा वाचवायला, कुठं माणूस न आल्यामुळे कल्हई लांबली. भांडं बाहेरून लखलखीत घासलेलं, आत पितळ उघडं. कायद्याला हे माहीत होतं. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या १९५५ च्या नियमांत कल्हई नीट नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात बनवलेलं अन्न खाण्यास अयोग्य धरलं होतं आणि २०११ च्या नियमांतही ती तरतूद आली. पण नियम विक्रीच्या अन्नाला, घरच्या दुधाला कोण तपासणार?

हे सगळं आज सांगायचं कारण, तांबं परत आलं आहे. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिलं की तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरणारं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या खूप आत राहतं. २०१४ साली पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची भांडी घडवण्याची कला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम दिवाणखान्यात आलं. चांगलं आहे, तांबटांच्या हाताला काम मिळतं आहे. पण तांब्याच्या बाटलीत लोक लिंबू सरबत भरतात, ताक नेतात, आणि दुकानदार बाटलीबरोबर कळकण्याची गोष्ट सांगत नाही. पाण्याला जे चालतं ते ताकाला चालत नाही. आपल्या हॉटेलांत तांबडा-पांढरा येतो त्या छोट्या तांब्याच्या हंड्या उलट्या करून नव्हे, आतून बघा. बऱ्याचशा आतून स्टीलच्या असतात, बाहेरून नुसता तांब्याचा पत्रा. काही जण याला नकली म्हणून नाक मुरडतात. मला तो कल्हईचाच नवा अवतार वाटतो.

तेव्हा माळ्यावरचं आजीचं पातेलं खाली काढणार असाल तर जरूर काढा, तांब्यासारखी सारखी आच दुसऱ्या भांड्यात क्वचित मिळते. नवं विकत आणलं असेल तर त्यावर चमक टिकवायला पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो, तो आधी काढून टाका. बाहेरून चिंच, लिंबू-मीठ, बाजारात मिळणारी पावडर, काहीही चालेल, फक्त लगेच धुऊन कोरडं पुसा. आतून आधी बोट फिरवून, उजेडात धरून बघा. नखाएवढा जरी लाल-पिवळा ठिपका दिसला तरी कल्हई करून घ्या. दूध, आणि बाळाचं काहीही, त्यात तापवूच नका, कल्हई असली तरी. त्यासाठी स्टील आहे.

आणि कल्हईवाल्यापाशी थोडा वेळ उभे राहा. कथलात शिसं मिसळलं की ते स्वस्त पडतं आणि लवकर वितळतं, आणि शिसं तांब्याहून वाईट. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. शिसं मिसळत जाईल तसा तो आवाज मंदावतो. शुद्ध कथलाची कल्हई लखलखीत पांढरी दिसते, शिशाची मळकट करडी. जाणता कारागीर कांडी वाकवून दाखवायला कधी नाही म्हणत नाही, उलट खूश होतो. घरी आणल्यावर पहिल्यांदा भांड्यात नुसतं पाणी उकळा, ते टाकून द्या, म्हणजे राहिलेला नवसागर निघून जाईल. मग त्यात वरण शिजायला टाका.